अंगठ्याजवळचं हाड वाढलंय: चप्पल बदलायची की ऑपरेशन करायचं?

माझ्या दोन्ही पायांना हा त्रास आहे. उजव्या पायाचं ऑपरेशन केलं. डाव्याचं केलेलं नाही आणि सध्या करणारही नाही. मी शाळेत शिकवते, दिवसातले पाच-सहा तास उभी असते. एकाच बाईच्या दोन पायांबद्दल दोन वेगळे निर्णय का झाले, ते नीट सांगितलं तर तुम्हाला तुमच्या पायाचा निर्णय घेता येईल, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

हे नक्की काय असतं

आपल्याकडे सगळे म्हणतात, "अंगठ्याजवळचं हाड वाढलंय." इंग्रजीत याला बनियन म्हणतात. हा शब्द घालून इंटरनेटवर शोधलंत तर कपडेच जास्त दिसतील. डॉक्टर फाइलवर 'हॅलक्स व्हॅल्गस' लिहितात, ते नाव लक्षात ठेवा.

खरं तर तिथे नवीन हाड क्वचितच उगवतं. अंगठ्यामागे तळपायात जे लांब हाड असतं, ते हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे सरकतं आणि अंगठ्याचं टोक उलट दिशेला, शेजारच्या बोटाकडे कलतं. या दोघांच्या सांध्याचा कोपरा बाहेर येतो. तोच आपल्याला उंचवटा दिसतो. त्यावर चप्पल घासत राहिली की कातडीखालची पिशवी सुजते, लाल होते, ठणकते.

माझ्या आईला हे होतं, आजीलाही होतं. वारशाने येते ती पायाची ठेवण: सपाट तळवा, सैल सांधे, पुढून रुंद पाऊल. त्यावर अरुंद, टोकदार किंवा उंच टाचेच्या चपला पडल्या की त्रास वाढतो. संधिवातातही असं होऊ शकतं. बायकांमध्ये प्रमाण बरंच जास्त आहे आणि वयाबरोबर ते वाढतं. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की १८ ते ६५ वयोगटात साधारण २३ टक्के आणि ६५ च्या पुढे साधारण ३५ टक्के लोकांना हे असतं. म्हणजे तुमचं काही वेगळं झालेलं नाही. कॅल्शियम वाढल्यामुळे किंवा कमी पडल्यामुळेही हे होत नाही. आणि कृपा करून कुणाकडून तेल लावून अंगठा ओढून 'हाड बसवून' घेऊ नका. ते निखळलेलं हाड नाही, त्यामुळे बसवण्यासारखं तिथे काही नसतं.

आधी खात्री करा की हे तेच आहे

अंगठ्याच्या मुळाशी दुखणारं सगळंच हे नसतं. रात्रीत अचानक सांधा लालभडक झाला, गरम लागतो आहे, अंगावरची चादर टेकली तरी सहन होत नाही, असं असेल तर तो युरिक ॲसिडचा झटका, म्हणजे गाऊट असू शकतो. त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे. अंगठा सरळच आहे, पण वर वाकत नाही आणि उंचवटा बाजूला नसून वरच्या अंगाला आहे, तर सांध्याची झीज असण्याची शक्यता जास्त. हातापायाचे अनेक लहान सांधे सकाळी आखडत असतील तर संधिवाताची तपासणी करून घ्या. जखम, पू किंवा ताप असेल तर घरी थांबू नका.

पाय कागदावर काढा

हे काम आजच संध्याकाळी करा. संध्याकाळीच, कारण दिवसभराच्या उभ्याने पाऊल थोडं पसरतं. वहीचा मोठा कागद जमिनीवर ठेवा, त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा आणि घरातल्या कुणाला तरी पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ काढायला सांगा. मग रोज वापरता ती चप्पल किंवा बूट त्या आकृतीवर ठेवा. माझं पाऊल पुढून चपलेच्या दोन्ही बाजूंना बोटभर बाहेर आलं होतं. वीस वर्षं मी ते पाऊल त्या चपलेत कोंबत होते. कागदावर तारीख घाला आणि जपून ठेवा. वर्षाने पुन्हा काढून शेजारी ठेवला की वाढलंय की नाही हे आठवणीवर सोडावं लागत नाही.

जोडवीही सांगून जातात. माझ्या उजव्या पायातली जोडवी आधी अंगठ्याला टोचायला लागली, मग दुसऱ्या बोटावर वळ उठवायला लागली. जोडवी तीच होती, अंगठा तिच्यावर येऊन टेकला होता. जोडवी घट्ट होत असतील तर ती काढून ठेवा किंवा सैल करून घ्या. सुजलेल्या बोटात अडकली तर कापून काढावी लागतात.

चप्पल: खरा उपचार इथेच आहे

औषध, पट्ट्या, व्यायाम हे सगळं नंतर. पायात काय घालता ते बदललं नाही तर बाकी कशाचा उपयोग नाही, आणि बदललं तर अनेकांचं दुखणं ऑपरेशनपर्यंत जातच नाही.

बंद बूट घेताना पुढचा भाग रुंद आणि उंच हवा, आत बोटं पसरता आली पाहिजेत. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. उंचवट्यावर शिवण, बक्कल किंवा कडक पट्टी येता कामा नये, तिथे मऊ कापड किंवा जाळी असावी. टाच इंचभराच्या वर नको. सोल इतका पातळ नको की खडा टोचेल, आणि इतका लवचिक नको की मधोमध दुमडेल. खरेदीला संध्याकाळी जा आणि ज्या पायाचा त्रास जास्त त्या पायाच्या मापाने घ्या. दुकानदार म्हणेल, "वापरून सैल होईल." घेऊ नका. सैल होईपर्यंत तुमचा सांधा घासला जातो.

पावसाळ्यात आपण ज्या प्लास्टिकच्या सँडल घालतो, त्या या पायाच्या शत्रू आहेत. प्लास्टिक ताणत नाही आणि ओल्या कातडीवर त्याची कड चाकूसारखी बसते. माझा पहिला फोड जुलैतलाच. पावसासाठी रुंद पट्ट्याची, मऊ रबराची आणि मागे बंद असलेली सँडल बघा.

आता कोल्हापुरी. कोल्हापुरात राहून हा प्रश्न टाळता येणार नाही. कोल्हापुरीची टाच सपाट असते आणि पुढून ती उघडी असते, ही चांगली बाजू. पण बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं कातडं नवं असताना कडक असतं, सोलला गादी नसते, आणि ज्यात अंगठा अडकवायचा तो वेढा सरळ अंगठ्यासाठी बेतलेला असतो. कललेल्या अंगठ्याला तो बरोबर चुकीच्या जागी धरतो. तयार माल घेतलात तर उंचवट्यावर पट्ट्याची कड येण्याची शक्यता मोठी.

मी चप्पल करून घेतली. सुभाषनगरात एका वयस्कर कारागिराकडे गेले आणि स्टुलावर बसून पाय पुढे केला. ते म्हणाले, "बाई, बसून माप घेतलं तर चप्पल चावणारच. हुबं ऱ्हावा, दोन्ही पायांवर भार द्या." त्यांनी उंचवट्यावर बोट फिरवलं, कागदावर तिथे खूण केली आणि पट्टा त्या खुणेच्या मागे घेतला. अंगठ्याचा वेढा सैल ठेवला आणि आतून मऊ कातड्याचं अस्तर लावलं. तुम्हीही करून घेणार असाल तर एवढ्या तीनच गोष्टी सांगा: पट्टा उंचवट्याच्या मागे, वेढा सैल, आत अस्तर. नवी चप्पल तेल लावून मुरवा, पहिले आठ दिवस घरात तासभरच घाला. आणि रोज पाच-सहा तास उभं राहायचं असेल, तर कामाला गादीचा रुंद बूटच घाला, कोल्हापुरी बाहेर जाण्यापुरती ठेवा.

अनवाणी चालण्याबद्दल विचारतात. मोकळं पाऊल उंचवट्याला घासत नाही, म्हणून घरात बरं वाटतं. पण अंगठ्याने भार सोडला की तो दुसऱ्या-तिसऱ्या बोटाखाली जातो आणि तिथे घट्टे पडतात. मग कडक फरशीवर तेच जास्त दुखतं. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचा नेम असेल आणि तळपायाला घट्टे किंवा मधुमेह असेल, तर नेम बदला. अंबाबाई समजून घेईल.

पट्ट्या, व्यायाम, गोळ्या

उंचवट्यावर लावायची जेलची किंवा फेल्टची गादी घासणं कमी करते. अंगठा आणि दुसऱ्या बोटामधला सिलिकॉनचा तुकडा बऱ्याच जणांना आराम देतो, पण चप्पल रुंद असेल तरच. अरुंद बुटात तो घातला तर दुसरं बोट ढकललं जातं. सपाट पाय असतील तर कमानीला आधार देणारा इनसोल मदत करतो. रात्री बांधायचे पट्टे मोठ्या जाहिराती करून विकतात. बांधल्यावर ताण हलका वाटू शकतो, पण मोठ्या माणसाचा वाकलेला अंगठा त्याने कायमचा सरळ होत नाही. हे ऐकून निराश होऊ नका. आपलं उद्दिष्ट दुखणं थांबवणं आहे, आणि अंगठा वाकडा राहूनही ते साधतं.

व्यायाम दिवसातून दहा मिनिटं पुरतात. पाय जमिनीवर ठेवून बोटं पंख्यासारखी पसरायची, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. हाताने अंगठा हलकेच सरळ रेषेत आणून वरखाली फिरवायचा, दुखेपर्यंत नाही. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. पोटरी आखडलेली असली की चालताना पुढच्या पावलावर भार वाढतो, म्हणून हा व्यायाम सोडू नका.

ठणका असेल त्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आणि थोडेच दिवस, विशेषतः मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल तर.

मधुमेह असेल तर

आमच्या शेजारच्या काकींनी उंचवट्यावरचं कुरूप घालवायला दुकानातली कुरुपाची पट्टी लावली. त्या पट्टीत कातडी जाळणारं ॲसिड असतं. पावलाला संवेदना कमी, त्यामुळे जळलेलं कळलं नाही. मोजा ओला लागला तेव्हा कळलं. ती जखम भरायला चार महिने गेले. मधुमेह असलेल्यांनी कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापायचा नाही आणि तसली पट्टी लावायची नाही. रोज रात्री पाऊल आरशात किंवा घरच्यांकडून बघून घ्यायचं. उंचवट्यावर साधी लाली उठली तरी चप्पल लगेच बदलायची आणि कातडी फुटली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

डॉक्टरकडे कधी, आणि काय मागायचं

चप्पल बदलून, व्यायाम करून तीन महिने झाले आणि तरी दुखणं रोजच्या कामात येतं, किंवा दुसरं बोट वर चढायला लागलं, किंवा बोटं बधिर होतात, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पाऊल आणि घोट्याची ऑपरेशनं नेमाने करणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम. खर्चाची चिंता असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, अस्थिरोग विभाग आहे. सरकारी आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

एक्स-रे उभ्याने काढायला सांगा. झोपून काढलेल्या एक्स-रेत हाडं पसरत नाहीत आणि कोन कमी दिसतो. चप्पल करणाऱ्या आजोबांचं म्हणणं इथेही तंतोतंत लागू पडतं. अंगठ्याचा कोन १५ अंशांपर्यंत ठीक मानतात, २० पर्यंत सौम्य, २० ते ४० मध्यम आणि ४० च्या वर तीव्र. माझा उजवा ३४ होता, डावा २२. दोन्ही 'मध्यम'. मी सुरुवातीला ज्यांना दाखवलं, त्यांनी एक्स-रे बघून दोन मिनिटांत सांगितलं, "दोन्ही पाय एकदम करून टाकू." डावा दुखतो का, हे विचारलंच नाही. मी फाइल घेतली आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. तुम्हीही दुसरं मत घ्यायला संकोच करू नका. हे तातडीचं ऑपरेशन नसतं, विचार करायला वेळ असतो.

करायचं की नाही

स्वतःला हे विचारा. योग्य चपलेतही दुखतं का? चालणं, कामावर उभं राहणं, बाजारहाट यांतलं काही सोडावं लागलं आहे का? गेल्या वर्षभरात वाढलं आहे का? दुसरं बोट सरकलं आहे का, तिथे जखम होते का? आणि तीन ते सहा महिने मनापासून बाकीचे उपाय केले का?

उजव्या पायाबाबत माझी उत्तरं स्पष्ट होती. गादीच्या बुटातही तिसऱ्या तासाला फळ्यासमोर मी एका पायावर उभी राहायचे. रंकाळ्याची संध्याकाळची फेरी बंद झाली होती. दुसरं बोट अंगठ्यावर चढून त्यावर कुरूप आलं होतं. डाव्याला दिसायला उंचवटा होता, पण रुंद बूट घातल्यापासून तो एकदाही ठणकला नव्हता.

दुखत नसताना फक्त दिसण्यासाठी किंवा 'पुढे वाढेल' या भीतीने ऑपरेशन करू नका. न दुखणारा पाय ऑपरेशननंतर दुखरा होऊ शकतो, ही शक्यता खरी आहे. लग्नात टोकदार सँडल घालता यावी म्हणून कुणी करत असेल तर त्यांनाही सांगते: ऑपरेशननंतरही रुंद चप्पलच घालावी लागते, नाहीतर अंगठा पुन्हा कलतो. वाढत्या वयातल्या मुलींचं हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत शक्यतो थांबतात, कारण परत येण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त असतं.

पण खरोखर दुखत असेल तर भिऊन आयुष्य काढू नका. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षाअखेरीस ऑपरेशन झालेल्यांचं दुखणं इनसोल वापरणाऱ्यांपेक्षा आणि नुसतं थांबलेल्यांपेक्षा कमी होतं. इनसोलने सहा महिन्यांपर्यंत आराम दिला होता, पुढे तो टिकला नाही.

ऑपरेशनमध्ये काय करतात

नुसता उंचवटा तासून टाकत नाहीत. सौम्य ते मध्यम वाकडेपणात लांब हाड कापून जागेवर सरकवतात आणि लहान स्क्रूने धरतात. शेव्हरॉन, स्कार्फ ही त्या कापाची नावं. अंगठ्याच्या हाडालाही छोटा काप देतात, तो अकिन. वाकडेपणा फार असेल किंवा त्या लांब हाडाच्या मागचा सांधा सैल असेल तर तो सांधाच जोडून टाकतात, त्याला लॅपिडस म्हणतात. अंगठ्याचा सांधा झिजला असेल तर तोही जोडतात. मग तो वाकत नाही, पण दुखणं जातं. छोट्या छिद्रांतूनही हे काप देता येतात. त्याने जखम लहान राहते, हाड जुळायला मात्र तेवढाच वेळ लागतो.

डॉक्टरांना हे विचारा: माझ्यासाठी कुठला प्रकार आणि का? वर्षाला अशी किती करता? पायावर भार कधी देता येईल? परत आलं तर काय? धोके त्यांच्या तोंडून ऐका: जंतुसंसर्ग, सांधा आखडणं, अंगठ्याची कड बधिर राहणं, हाड न जुळणं, पायाच्या शिरेत गुठळी, दुखणं शेजारच्या बोटाखाली सरकणं, आणि वाकडेपणा परत येणं.

तंबाखू, मिश्री, मावा, सिगारेट यांतलं काहीही असेल तर ऑपरेशनच्या काही आठवडे आधी बंद करा. निकोटीनमुळे हाड जुळायला वेळ लागतो. साखर आटोक्यात आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

घरची तयारी आणि ते सहा आठवडे

मी मेच्या सुट्टीतली तारीख घेतली, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आत ड्रेसिंग सुटलं. हे जमवता आलं तर बघा, कारण ओलं ड्रेसिंग म्हणजे संसर्गाला आमंत्रण. खालच्या मजल्यावर झोपायची सोय करा. भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणा, उकिडवं बसणं काही आठवडे जमणार नाही. अंघोळीला प्लास्टिकची खुर्ची आणि पायावर बांधायला मोठी पिशवी. स्वयंपाकघरात उंच स्टूल. आणि पहिले पंधरा दिवस घरात एक माणूस.

पहिल्या दिवशी काही दुखलं नाही, कारण घोट्यात दिलेल्या इंजेक्शनने पाय बधिर होता. दुसऱ्या पहाटे बधिरपणा उतरला तेव्हा मी रडले. गोळी दुखायला लागायच्या आधीच घ्यायला हवी होती, तुम्ही तेवढं करा. पहिले दोन आठवडे पाय छातीपेक्षा वर, दोन-तीन उशांवर. खाली सोडला की दोन मिनिटांत बोटं जांभळी व्हायची आणि ठोके जाणवायचे. वर घेतला की शांत. घाबरू नका, पण वर घेऊनही बोटं निळी, थंड राहिली, पोटरी सुजून दुखली, धाप लागली, ताप आला किंवा ड्रेसिंगमधून पू आला तर तडक दवाखाना.

टाचेवर भार येईल असा खास बूट देतात. त्याने तो पाय उंच होतो, म्हणून दुसऱ्या पायात तेवढ्याच जाडीची चप्पल घाला, नाहीतर कंबर धरते. मला हे आठ दिवसांनी सुचलं. लॅपिडस झालं असेल तर डॉक्टर बराच काळ पाय टेकूच देत नाहीत, त्याची वेगळी तयारी ठेवा. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. ड्रेसिंग अंगठ्याला जागेवर धरून ठेवत असतं, म्हणून ते घरी सोडून बघू नका.

सहा आठवड्यांनी एक्स-रे, मग रुंद बूट. अंगठा वाकवायचे व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज करा, हे टाळणाऱ्यांचा सांधा आखडतो. स्कूटर मी दोन महिन्यांनी घेतली. सिग्नलला तो पाय जोरात टेकता येतो का, ही माझी कसोटी होती. सूज लवकर जात नाही. तीन-चार महिने संध्याकाळी बूट घट्ट व्हायचा, आणि पूर्ण उतरायला जवळपास वर्ष लागलं. बसून करायच्या कामाला दोन-तीन आठवड्यांत जाता येतं. उभ्याच्या कामाला दोन ते तीन महिने धरा आणि रजा तेवढी मागा. मी पहिले दोन महिने खुर्चीवर बसून शिकवलं. पोरांनी फळा पुसायच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या.

आता रंकाळ्याची अख्खी फेरी होते. डाव्या पायाचा कागद दर गुढीपाडव्याला काढते. चार वर्षांत रेघ दोन मिलिमीटर सरकली आहे, दुसरं बोट आपल्या जागी आहे, जोडवी सैल आहेत. ज्या वर्षी रुंद बुटातही तो पाय ठणकेल, त्या वर्षी हे कागद घेऊन मी डॉक्टरांकडे जाईन.